उंच टोपी आणि भांबुर्ड्याचा पाला

पनवेलच्या भाजीबाजारात परवा वालाच्या शेंगांच्या टोपल्या दिसल्या आणि मी भर रस्त्यात थांबले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एक पन्नाशीची बाई डोळे मिटून शेंगा हुंगते आहे हे पाहून ते परत मिटलं. खरं तर वालाच्या शेंगेला वास फारसा नसतो. थोडा हिरवा, थोडा मातीचा, संपलं. पण मला तिच्यात ओव्याचा वास येतो, धुराचा येतो, तापलेल्या मडक्याचा येतो.

"वास फुकट हाय, पन किती घ्याल?" टोपलीवाली म्हणाली. "शेंगा पायजेत का नाय?"

"अख्खी टोपली दे."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरात लगीन हाय?"

"नाही गं, पोपटी लावायची आहे."

"मंग तसं बोला ना ताई!" असं म्हणून तिने जुन्या शेंगा बाजूला सारल्या आणि गोणपाटाखालच्या ताज्या बाहेर काढल्या. पोपटी हा आमच्याकडचा परवलीचा शब्द आहे.

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांची मला मनापासून दया येते, म्हणून सांगून टाकते. शेतातली कापणी उरकलेली असते, सकाळी अंगावर शाल लागते, आणि बांधाबांधावर भांबुर्डा नावाचं एक रानटी झुडूप माजलेलं असतं. त्याला कोणी पेरत नाही की पाणी घालत नाही. मडक्यात त्याचा पाला अंथरायचा, वर मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्यातली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला, गच्च. मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून आग लावायची. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. जे काही शिजतं ते शेंगांच्या स्वतःच्या घामात आणि त्या पाल्याच्या वासात. पाला नसेल तर त्या मडक्यात उकडलेल्या शेंगा मिळतील, पोपटी मिळणार नाही.

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझं आजोळ कर्नाळ्याच्या पायथ्याकडचं. आणि तरीही एका वर्षी याच पोपटीने मला असं काही नाचवलं की आजही जानेवारी लागला की माझे पाय आपोआप ठेका धरतात.

मी शेफ आहे. हा शब्द उच्चारताना मी अजूनही थोडी छाती फुगवते, कारण तो मिळवायला मला बराच काळ लागला. लग्न ठरत होतं तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, "मुलगी हॉटेल लाइनमध्ये आहे." पाहुण्यांना वाटायचं रिसेप्शनवर असेल. मग कोणीतरी विचारायचंच, "म्हणजे नक्की काय करते?" आई पाण्याचा तांब्या आणायला आत जायची आणि मी सांगायची, "कांदे कापते." तेव्हा खरंच कांदेच कापत होते. गोण्याच्या गोण्या. एका स्थळाने तर शांतपणे विचारलं होतं, "घरचा स्वयंपाक सोडून हे कशाला?" ते स्थळ आज कुठे असेल ते असो, जेवण बाहेरून मागवत असेल अशी माझी खात्री आहे.

लोकांना शेफ म्हटलं की पांढरा कोट दिसतो, उंच टोपी दिसते, ताटाच्या कडेला पुदिन्याचं पान ठेवणारी दोन बोटं दिसतात. माझ्या हातावरचे चट्टे पाहून एका भाचीने विचारलं होतं, "मामी, बांगड्या का काढल्यास? वळ राहिलेत." त्या बांगड्या नव्हत्या, तंदूरच्या तोंडाने आणि ओव्हनच्या जाळ्यांनी घातलेला चुडा होता. दिवाळी, गणपती, एकतीस डिसेंबर हे सण मला एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजावरून ओळखता येतात, कारण त्या दिवशी तो जास्त कण्हतो. मला कोणी जेवायला बोलवत नाही. बोलावलंच तर यजमानीण पहिल्या घासाआधीच माफी मागते. आणि माझी वाणी तर पुरती बिघडली आहे. गरम भांडं घेऊन कोणाच्या मागून जायचं असलं की किचनमध्ये "पीछे गरम!" असं ओरडायची रीत आहे. मी ते एसटीत ओरडले आहे, नवीन पनवेलच्या बँकेच्या रांगेत ओरडले आहे, आणि एकदा सत्यनारायणाच्या पूजेत, हातात तीर्थाची वाटी असताना, अशा खणखणीत आवाजात ओरडले की भटजी एक अध्याय विसरले.

पण या धंद्याचं सर्वात मोठं सत्य याहून साधं आहे. शेफ बसून जेवत नाही. दिवसभर चमचा चमचा चाखून भूक मरते, मग सगळे जेवून गेल्यावर सिंकपाशी उभं राहून गार डाळ आणि गार भात. गरम जेवण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात पाहिलं. याचं मला दुःख नव्हतं हो. सवय होती. मासा पाण्याबद्दल तक्रार करत नाही तशी.

त्या वर्षी कर्नाळ्याच्या वाटेवर, महामार्गालगत, दामाशेठचं हॉटेल नुकतं उभं राहिलं होतं. दामाशेठ म्हणजे मूळचा भातशेतीवाला माणूस. जमिनीला भाव आला आणि त्याने भाताच्या जागी काच पेरली. काचेच्या भिंती, काचेचं छप्पर, आत कारंजं. मागच्या कुंपणापलीकडे मात्र त्याचीच शिल्लक शेतं होती आणि तिथे बगळे उभे असायचे, जणू टेबल रिकामं होण्याची वाट बघत. जमीन दामाशेठच्या एकट्याची नव्हती. निम्मी त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्काची. त्यामुळे हॉटेलात कारंज्याचं पाणी किती उडावं इथपासून सगळ्यावर आक्काचा शब्द शेवटचा.

मोठा शेफ मुंबईहून आणला होता, मी त्याच्या हाताखाली होते. त्याला बोटीवर नोकरी लागली आणि तो पापलेट तव्यावर असतानाच गेला. दामाशेठ मला म्हणाला, "ताई, मुंबईस्नं दुसरा येईपर्यंत तुमी बघा." मी बघायला लागले. टोपी त्याचीच होती, माझ्या डोळ्यांवर यायची. मी आतून सेफ्टी पिन लावली.

किचनमध्ये सगळे पुरुष. त्यांचा म्होरक्या बिष्ट, गढवालचा, मिशीला दुधाची साय लावतो की काय असं वाटावं इतकी तुकतुकीत मिशी. हात सोन्याचा, तोंड बंद. जागा आपल्याला मिळणार असं त्याने धरलं होतं. तो मला कधी उलट बोलला नाही. फक्त "शेफ" म्हटलं नाही. "मॅडमजी." ते "जी" असं लांबवायचा की त्यावर कपडे वाळत घालता आले असते. किचनमध्ये हुकूम सुटला की सगळ्यांनी मिळून "येस शेफ" म्हणायचं असतं, सैन्यात म्हणतात तसं. मी हुकूम सोडला की नुसतं भांड्यांचं वाजणं ऐकू यायचं.

मी पहिला नियम घातला तो पाल्याभाजीचा. मातीतून आलेली कुठलीही हिरवी गोष्ट क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, परत धुऊन, मगच ओट्यावर येईल. मोठ्या हॉटेलांत ही रीतच असते. पण आमच्याकडे कोथिंबीर थेट जुडीतून कढईत उडी मारायची. मी सांगायचे, ते मान डोलवायचे, कोथिंबीर उडी मारायची. एकदा मी कापलेल्या कोथिंबिरीचा अख्खा ढीग त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकला आणि म्हणाले, "परत." बिष्टने मिशीवरून बोट फिरवलं. "मॅडमजी, पहाड़ में तो हम ऐसे ही खाते हैं." मी म्हटलं, "पहाड़ में महामार्गाचा धूर नसतो."

आणि अशा वेळी दामाशेठने बॉम्ब टाकला. येत्या रविवारी दुपारी, हॉटेलच्या हिरवळीवर, अख्ख्या भावकीला पोपटी. आक्काची इच्छा. आक्का स्वतः मला बघायला आली. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, हातात मोबाइल, आणि नजर अशी की तांदळातला खडा तांदळाआधी दिसावा.

"काय गो, तू टोपीवाली?"

"हो आक्का."

"पोपटी लावाला जमल? का तीबी त्या कपाटात शिजवशील?" कपाट म्हणजे आमचा परदेशी ओव्हन.

"मडक्यात लावणार. आगीत."

"बगू." मग माझ्यासमोरच भावाला म्हणाली, "दामा, पोपटी झाली त ही ऱ्हाईल. नाय झाली त तुज्या मुंबईवाल्याला आन. मला रोज रोज नवीन टोपी बगाला टाइम नाय."

त्या आठवड्यात मला काय झालं होतं ते आता कळतं. मला ती जागा हवी होती. लाज सोडून हवी होती. तोवर मी स्वतःलाच "सध्या बघते आहे" असं सांगत होते. आता आरशासमोर उभी राहून पिन न लावता टोपी तोलायचा सराव करायला लागले. घरी आमचे हे, ज्यांना खिचडी आणि शांतता या दोन गोष्टी उत्तम जमतात, म्हणाले, "सरळ उभी राहा, बसेल." टोपीबद्दलच म्हणाले असावेत.

रविवार उजाडला तो स्वच्छ, थंड, कर्नाळ्याचा सुळका हात लावता येईल इतका जवळ. मडकी जुनी, वापरलेली, गावातून मागवली होती, कारण नवं मडकं आगीत दगा देतं. शेंगा आल्या, कोंबडी मसाल्यात मुरली होती, गोण्या भरून भांबुर्डा आदल्या दिवशीच तोडून आणला होता. मी हिरवळीवर पेंढ्याची जागा ठरवत होते. बिष्टने येऊन सांगितलं, "मॅडमजी, पत्ता रेडी." मी पाला अंथरायला वाकले आणि सवयीने मूठभर उचलून नाकाशी नेला.

पोहण्याचा तलाव.

मी दुसरी मूठ उचलली. तलाव. तिसऱ्या गोणीत हात घातला. तलाव, आणि नुकतंच कोणीतरी सूर मारलेला.

"बिष्ट," मी अगदी हळू विचारलं, "ये धोया?"

आणि तो माणूस, ज्याने कित्येक आठवडे माझी एकही सूचना ऐकली नव्हती, छाती काढून म्हणाला, "आपका रूल है मॅडमजी. खेत का माल था, इसलिए डबल दवाई डाली. रात भर भिगोया. एक पत्ता नहीं छोड़ा!" मागे सगळी पलटण उभी होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद. मी त्यांच्या डोळ्यांत खोट शोधली. नव्हती. आक्काची अट त्यांच्याही कानांवर गेली होती, आणि त्या रविवारी, त्या एकाच दिवशी, सगळ्यांनी मिळून मला जिंकवायचं ठरवलं होतं. म्हणून त्यांनी माझं ऐकलं होतं.

हसावं की पाल्यात तोंड खुपसून रडावं हे मला कळेना. तेवढ्यात फाटकातून गाड्या आत यायला लागल्या. पुढच्या गाडीतून आक्का उतरली, हवा हुंगली, आणि म्हणाली, "धूर कुठं हाय?"

पाल्याऐवजी केळीच्या पानांवर भागवता आलं असतं. दुसरं कोणी असतं तर फसलंही असतं. पण मला स्वतःला ते मडकं उघडवलं नसतं. मी कोंबड्यांच्या रिकाम्या क्रेटवर चढले. टोपी सरकली, मी ती मागे ढकलली. आणि सत्यनारायणाच्या पूजेत लागला होता तोच आवाज लावला.

"सगळे बाहेर! गॅस बंद! कुंपणापलीकडे शेतात भांबुर्डा आहे. मला मडकी भरतील इतका पाला हवा. न धुतलेला! चला!"

क्षणभर नुसतं कारंजं वाजलं. मग बिष्टने मिशीवरून बोट फिरवलं, टाच जुळवली आणि गरजला, "येस, शेफ!"

आणि मागून सगळ्या पलटणीने, काचा थरथरतील असं, "येस शेफ!"

मी तो आवाज कधी विसरणार नाही. त्याहून मी जे पाहिलं ते विसरणार नाही. पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या, तंदूरवाला, मिठाईवाला, भांडी घासणारा, एकामागून एक कुंपणावरून उड्या मारत शेतात. बगळ्यांना वाटलं आपलीच मोठी भावंडं आली, ते उडालेसुद्धा नाहीत. वॉचमन शिट्टी फुंकत धावला. काचेच्या आतल्या गिऱ्हाइकांना दिसलं ते एवढंच की अख्खं किचन जीव घेऊन पळतंय. त्यातल्या एका जाड्या गृहस्थाला आग लागल्याची खात्री पटली आणि तो बाहेर धावला. पण थाळी सोडली नाही त्याने. पनीर एका हाताने झाकत धावला. अशा गिऱ्हाइकाबद्दल मला अपार आदर आहे.

"दामा," आक्का म्हणाली, "तुजे हाटेलवाले पलाले का रं?"

दामाशेठच्या कपाळावर थंडीत घाम. मी आक्कासमोर गेले आणि खरं ते सांगितलं. पाला औषधाच्या पाण्यात बुडला, त्याला वास लागलाय, त्यात मी पोपटी लावणार नाही. थोडा उशीर होईल.

तिने गोणीतला पाला हुंगला. नाक आक्रसलं. मग माझ्याकडे वळली. "तू हुंगून बगलास?"

"हो."

"हं." तिने मोबाइल कमरेला खोचला, लुगड्याचा ओचा आवळला आणि मागे उभ्या बायकांकडे वळली. "काय बगता गो? ही मुंबईची पोरं पाला तोरतील का? चला."

तोडणारी पोरं गढवालची आणि बंगालची होती हे सांगायची ती वेळ नव्हती. जरीच्या साड्यांतल्या बायका बांधावर उतरल्या आणि मग जो काही दंगा झाला! बिष्ट दोन्ही हातांत भरगच्च हिरवं घेऊन विजयी मुद्रेने आला, तर एका काकूने ते हुंगलं आणि किंचाळलीच, "अरं, ही घानेरी, टनटनी! हिच्यात लावलीस त कोंबरी उठून पलल!" हसू शेतभर पसरलं. बिष्ट आधी लाल झाला, मग स्वतःही हसला. मिशीखाली त्या माणसाला दात होते हे मला त्या दिवशी कळलं. जाडे गृहस्थ बांधावर उभे राहून पनीर खात दिशा दाखवत होते, "तिकडे, तिकडे दाट आहे!"

मडकी भरली. मी स्वतः प्रत्येक मडक्याचं तोंड पाल्याने बंद केलं, उपडं घातलं, पेंढा रचला. ज्वाळा उठल्या. आणि मग ते सुरू झालं जे किचनमध्ये कधीच नसतं. वाट बघणं. किचनमध्ये झाकण उघडता येतं, चाखता येतं, मीठ वाढवता येतं. इथे एकदा मडकं उलटलं की तुमचं सगळं शिक्षण बाहेर आणि जेवण आत. माझ्या पायांत गोळे आले होते, टोपी धुराने पिवळी झाली होती. दामाशेठ दर थोड्या वेळाने "झालं का?" विचारत होता, आणि मी दर वेळी "शेठ, मडक्याला विचारा" म्हणत होते.

शेवटी मी ओंजळीत पाणी घेऊन पहिल्या मडक्यावर शिंपडलं. चर्रर्र. पाणी जागच्या जागी नाहीसं झालं. आणि मडक्याखालून तो वास आला. आता तो शब्दांत कसा सांगू? उग्र, हिरवा, किंचित कडवट, ओव्याला मिठी मारलेला. भावकीतली पुरुषमंडळी बोलता बोलता थांबली. मी काठीने मडकं ओढलं आणि केळीच्या पानांवर रितं केलं. वाफेचा एक लोट, आणि त्यातून सुरकुतलेल्या, घामेजलेल्या, काळपट हिरव्या शेंगांचा ढीग.

आक्काने पहिली शेंग उचलली. दातांत धरून ओढली, टरफल टाकलं. दाणे चावले. दुसरी उचलली. मग कोंबडीचं पान सोडलं. तिचं पाहून सगळ्यांनी हात घातले, आणि हिरवळीवर अशी शांतता पसरली की टरफलं पडल्याचा आवाज यावा. टाळ्या वगैरे नटांना लागतात. आम्हा लोकांना ती शांतता पुरते. मी सवयीप्रमाणे एक पाऊल मागे सरकले, हात पाठीशी बांधले. माझी पलटणही तशीच रांगेत उभी. आम्ही सगळे आमच्या जागी, म्हणजे जेवणाऱ्यांच्या मागे.

"ए शेफ," आक्काने मान न वळवता हाक मारली.

मी इकडेतिकडे पाहिलं. मलाच होती.

"उबी का? बस."

"आक्का, आम्ही नंतर जेवतो. आधी पाहुणे."

"पोपटीला पाव्हना नसतंय न वाढपीबी नसतंय. लावनारा उबा न खानारा बसला, ही कंची पोपटी?" तिने बाजूचं लुगडं आवरून गवतावर जागा केली. "बस म्हनतंय ना. ती तुजी मिशीबी बसव. समदीच बसवा."

मी बसले. पांढऱ्या कोटात, गवतावर, आक्काच्या गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या पलीकडे बिष्ट बसला, त्याच्या पलीकडे तंदूरवाला, मग सगळे. आत काचेमागे लोक मेन्यूकार्ड हलवून कोणाला तरी बोलावत होते. दामाशेठ उठला, स्वतः आत गेला, आणि त्या सगळ्यांनाच बाहेर घेऊन आला. जाडे गृहस्थ आधीच पंगतीत होते. त्यांनी रिकामी थाळी उलटी करून पाट केला होता.

मी शेंग तोंडात धरली आणि चटका बसला. जिभेला, टाळूला, ओठाला. डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वर्षांनी मी इतकं गरम काही खात होते. मी तो चटका गिळला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"मुंबईवाल्याला फोन करून सांगतो, येऊ नको," दामाशेठ म्हणाला.

"कंचा मुंबईवाला?" आक्का म्हणाली, आणि मला अंडं सोलून दिलं.

ते अंडं माझं नेमणूकपत्र. दुसरं मी मागितलं नाही.

आता टोपी माझ्या मापाची आहे. दर वर्षी शेंगा आल्या की एका रविवारी दुपारी आमचं किचन बंद असतं, आणि आलेलं गिऱ्हाईक तक्रार करायला मागे आलं की त्यालाही बसवतो. कुंपणापलीकडची शेतं थोडी कमी झालीत, बगळे थोडे दाटीने उभे राहतात. आक्काचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी खुर्ची ठेवतो, ती त्या खुर्चीवर मोबाइल ठेवते आणि खाली बसते.

बाजारात टोपली रिक्षात चढवत होते तेवढ्यात बिष्टचा फोन आला. मागून वारा, हसणं, कोणीतरी "अरं ती घानेरी!" ओरडत होतं.

"शेफ, पत्ता मिल गया. धोना है क्या?"

हा प्रश्न तो दर वर्षी विचारतो, आणि फोन बंद करायच्या आधी हसायला सुरुवात करतो. मी टोपली मांडीवर घट्ट धरली, रिक्षावाल्याला म्हटलं, "कर्नाळ्याकडे घे, जरा लवकर, मला जेवायला बसायचंय."